लैंगिक अपमार्गण विकृती

रूढ लैंगिक आस्थेहून निराळ्या अशा वस्तू, कृती किंवा व्यक्ती यांच्याविषयी तीव्र व दीर्घकाळ टिकून राहणारे कामाकर्षण असणे, याला चिकित्सा मानसशास्त्रात ‘लैंगिक अपमार्गण’ अशी संज्ञा आहे. हे आकर्षण जेव्हा त्या व्यक्तीला स्वतःला लक्षणीय क्लेश देते, तिच्या कौटुंबिक वा व्यावसायिक जीवनात अडथळा आणते, किंवा त्याच्या पूर्तीपायी दुसऱ्या व्यक्तीला इजा पोहोचते अथवा तसा धोका निर्माण होतो, तेव्हाच त्यास ‘लैंगिक अपमार्गण विकृती’ असे म्हणतात. अपमार्गण आणि विकृती यांतील हा भेद आधुनिक निदानपद्धतीचा पाया होय. केवळ आवड वेगळी आहे म्हणून कोणी मनोरुग्ण ठरत नाही. त्याचप्रमाणे एखादे कृत्य दंडनीय आहे एवढ्यावरून ते करणाराही मनोरुग्ण ठरत नाही.

संज्ञा : एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य वैद्यक या वर्तनांना सरसकट ‘विपर्यास’ या अर्थाच्या शब्दाने संबोधीत असे. त्या शब्दात वर्णनापेक्षा नैतिक निषेधच अधिक होता. फ्रीड्रिख झालोमो क्राउस या लोकसाहित्याच्या व मानवशास्त्राच्या अभ्यासकाने १९०३ मध्ये ग्रीक शब्दांपासून ‘पॅराफिलिया’ ही संज्ञा बनविली. ‘पॅरा’ म्हणजे बाजूस वा पलीकडे आणि ‘फिलिया’ म्हणजे प्रेम. मनोविश्लेषक व्हिल्हेल्म श्टेकेल (१८६८–१९४०) याने तिचा आपल्या लेखनात स्वीकार केला, तर पुढे जॉन मनी (१९२१–२००६) या लैंगिकताशास्त्रज्ञाने तिचा विशेष प्रसार केला. अधिकृत निदानसूचीत ती १९८० मध्ये आली. निंदाव्यंजक शब्द टाळून वर्णनपर शब्द योजणे, हा तिच्या स्वीकारामागील मुख्य हेतू होता.

इतिहास : लैंगिक वर्तनातील भेदांची वैद्यकीय वर्गवारी करण्याचा प्रयत्न हाइन्‍रिख कान याने १८४४ मध्ये लॅटिन भाषेतील प्रबंधात केला. तथापि या विषयाचा खरा पाया रिखार्ट फोन क्राफ्ट-एबिंग (१८४०–१९०२) या मनोविकारतज्ञाने घातला. त्याचा सायकोपॅथिया सेक्शुॲलिस हा ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यायवैद्यकीय प्रकरणांतून संकलित केलेल्या रुग्णवृत्तांतांवर तो आधारलेला होता. मार्की द साद (१७४०–१८१४) आणि लेओपोल्ट फोन झाखर-माझोख (१८३६–९५) या लेखकांच्या नावांवरून परपीडन व आत्मपीडन यांसाठी ‘सॅडिझम’ व ‘मॅसोकिझम’ या संज्ञा त्याच्याच लेखनामुळे रूढ झाल्या. अंगप्रदर्शनाचे वर्णन शार्ल लासेग याने १८७७ मध्ये, तर कामविषयक वस्तुपूजेचे विवेचन आल्फ्रेड बीने (१८५७–१९११) याने १८८७ मध्ये केले होते. क्राफ्ट-एबिंगच्या विवेचनाची मूळ धारणा अशी होती, की संभोगाचे नैसर्गिक प्रयोजन प्रजोत्पादन हे असून त्यापासून ढळणारी प्रत्येक प्रवृत्ती रोगट होय. या कसोटीवर समलिंगी आकर्षण आणि हिंस्र परपीडन हे दोन्ही एकाच यादीत येत होते.

हॅव्हलॉक एलिस (१८५९–१९३९) याने अशा प्रवृत्तींकडे अधिक सहिष्णू दृष्टीने पाहिले. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) याने १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तीन निबंधांत लैंगिक प्रेरणेचे ‘विषय’ आणि ‘लक्ष्य’ असे दोन घटक वेगळे केले. कोणाविषयी आकर्षण वाटते हा विषय व कोणती कृती अभिप्रेत आहे हे लक्ष्य. पुढील बहुतेक वर्गीकरणांत हा भेद कोणत्या ना कोणत्या रूपात टिकून राहिला. अपमार्गी प्रवृत्तीचे अंश सर्वसामान्य माणसातही असतात, आणि ती प्रवृत्ती जेव्हा अन्य सर्व प्रकारच्या लैंगिक सुखाची जागा घेते तेव्हाच तिला रोगट म्हणावे, असे त्याचे प्रतिपादन होते. अमेरिकेत ॲल्फ्रेड किन्झी (१८९४–१९५६) व त्याचे सहकारी यांनी १९४८ आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहण्यांमुळे ‘सर्वसामान्य’ वर्तनाची कल्पना आणि प्रत्यक्ष वर्तन यांत मोठे अंतर असल्याचे उघड झाले. मराठीत र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२७ पासून चालविलेल्या समाजस्वास्थ्य  मासिकाने लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय चर्चा वाचकांपुढे आणली. त्याबद्दल त्यांना अश्लीलतेच्या आरोपाखाली खटल्यांना तोंड द्यावे लागले.

निदानसूचींतील स्थित्यंतरे : आज जगभर मुख्यतः दोन सूची वापरात आहेत. एक, अमेरिकन मनोविकारचिकित्सा संघटनेची निदान व सांख्यिकी पुस्तिका; दुसरी, जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण. अमेरिकन पुस्तिकेच्या १९५२ च्या पहिल्या आवृत्तीत ‘लैंगिक विचलन’ हे समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या विकृतींमध्ये समाविष्ट होते. म्हणजे ज्याचे वर्तन समाजाला अमान्य, तो विकृत, असा त्याचा मथितार्थ होता. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा गट व्यक्तिमत्त्वविकृतींसमवेत परंतु स्वतंत्र मांडण्यात आला, मात्र समलैंगिकता त्यात कायम राहिली. डिसेंबर १९७३ मध्ये संघटनेच्या विश्वस्त मंडळाने समलैंगिकता ही मनोविकृती नसल्याचा निर्णय घेतला आणि १९७४ मध्ये सभासदांच्या मतदानात तो कायम झाला. एखादी अवस्था विकृती ठरण्यासाठी तिच्यात क्लेश किंवा कार्यक्षमतेतील बिघाड अंगभूत असला पाहिजे, हे तत्त्व या वादातून पुढे आले.

१९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पॅराफिलिया’ ही संज्ञा आली. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत आकर्षण निदान सहा महिने टिकलेले असावे आणि व्यक्तीने त्यानुसार कृती केलेली असावी वा तिला त्याचा क्लेश होत असावा, अशी अट घातली गेली. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत मात्र क्लेश किंवा बिघाड ही अट सर्वच प्रकारांना लागू करण्यात आली. त्यामुळे एक विपरीत स्थिती निर्माण झाली : बालकांवर अत्याचार करूनही ज्याला त्याची खंत नाही, तो या व्याख्येनुसार निदानातून सुटू शकत होता. या आक्षेपानंतर २००० च्या सुधारित पाठात, परव्यक्तीला उपद्रव देणाऱ्या प्रकारांसाठी प्रत्यक्ष कृती हा पुन्हा पुरेसा निकष मानण्यात आला. एका शब्दाच्या फरकाने कोण निदानाच्या कक्षेत येतो व कोण बाहेर राहतो, हे कसे बदलते, याचे हे उदाहरण लक्षणीय आहे.

२०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ‘अपमार्गण’ व ‘अपमार्गण विकृती’ यांची स्पष्ट फारकत केली. पहिला निकष आकर्षणाचे स्वरूप सांगतो, तर दुसरा त्याचे दुष्परिणाम. केवळ पहिला निकष पूर्ण होत असेल, तर ते अपमार्गण. दोन्ही होत असतील, तर विकृती. २०२२ च्या सुधारित पाठातही हीच चौकट कायम आहे. बलात्काराकडे असलेला कल ही स्वतंत्र विकृती मानावी, तसेच नुकत्याच वयात येऊ लागलेल्या मुलांविषयीचे आकर्षण वेगळे नोंदवावे, या सूचना पाचव्या आवृत्तीच्या वेळी चर्चेनंतर नाकारण्यात आल्या. पहिल्या सूचनेवरील प्रमुख आक्षेप असा होता, की गुन्ह्याला आजाराचे नाव दिल्याने न्यायालयात त्याचा दुरुपयोग होईल.

प्रकार : पाचव्या आवृत्तीत आठ विकृतींचा नामनिर्देश आहे. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात कृतीशी निगडित आकर्षणे येतात : (१) चोरदर्शन विकृती–नकळत वा संमतीविना विवस्त्र अथवा समागमरत व्यक्तींना न्याहाळणे, (२) अंगप्रदर्शन विकृती–बेसावध व्यक्तीपुढे गुप्तांगे उघडी करणे, (३) घर्षण विकृती–गर्दीत वगैरे संमतीविना परव्यक्तीच्या अंगाला स्पर्श वा घर्षण करणे, (४) आत्मपीडन विकृती–स्वतःचा अपमान वा वेदना यांतून कामोत्तेजना, आणि (५) परपीडन विकृती–दुसऱ्याच्या यातनांतून कामोत्तेजना. दुसऱ्या वर्गात लक्ष्य-विषयाशी निगडित आकर्षणे येतात : (६) बालकामुकता विकृती–वयात न आलेल्या मुलांविषयी कामाकर्षण, (७) वस्तुकामुकता विकृती–निर्जीव वस्तू किंवा शरीराचा जननेंद्रियेतर भाग यांच्याविषयी आकर्षण, (८) वेशांतर विकृती–भिन्नलिंगी वेश धारण करण्यातून कामोत्तेजना. यांखेरीज इतर प्रकारांसाठी ‘अन्य निर्देशित’ व ‘अनिर्देशित’ असे दोन शेष गट आहेत. चिकित्सेसाठी येणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे आहे. एकाच व्यक्तीत दोन वा अधिक प्रकार आढळणे विरळा नाही.

आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. तिने याहून पुढचे पाऊल टाकले. दहाव्या आवृत्तीतील वस्तुकामुकता, वेशांतर आणि परपीडन-आत्मपीडन या नावांच्या स्वतंत्र नोंदी वगळण्यात आल्या. प्रौढांच्या परस्परसंमतीने किंवा एकांतात होणारे आणि कोणाला इजा न करणारे वर्तन हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न नाही, ही त्यामागील भूमिका होती. स्वीडनने २००९ मध्ये, नॉर्वेने २०१० मध्ये व फिनलंडने २०११ मध्ये अशा नोंदी आपापल्या राष्ट्रीय सूचींतून आधीच काढून टाकल्या होत्या. नव्या वर्गीकरणात अंगप्रदर्शन, चोरदर्शन, बालकामुकता, बलपूर्वक परपीडन व घर्षण या पाच विकृतींची नावानिशी नोंद आहे. त्यांच्या जोडीस संमती नसलेल्या व्यक्तींशी संबंधित इतर विकृती हा एक, आणि एकांतातील वा संमतीच्या वर्तनाशी संबंधित विकृती हा दुसरा, असे दोन गट आहेत. या शेवटच्या गटातील निदानासाठी क्लेश हा केवळ इतरांच्या अव्हेरामुळे वा त्याच्या भीतीमुळे उद्भवलेला नसावा, अशी अट आहे; अथवा वर्तनामुळे गंभीर दुखापत वा मृत्यू यांचा धोका असला पाहिजे. अशा रीतीने ‘प्रजोत्पादन’ ही क्राफ्ट-एबिंगची कसोटी जाऊन तिच्या जागी ‘संमती’ व ‘इजा’ या दोन कसोट्या आल्या.

निदानप्रक्रिया : या विकृतींसाठी रक्ताची किंवा क्ष-किरणांची निर्णायक चाचणी नाही. निदान मुख्यतः सविस्तर मुलाखतीवर अवलंबून असते. लैंगिक विकासाचा इतिहास, कल्पनाचित्रे, प्रेरणांची तीव्रता व वारंवारता, प्रत्यक्ष कृती, संबंधित व्यक्तींची वये, मद्य व मादक द्रव्यांचे सेवन, दांपत्यजीवन इ. बाबींची चौकशी केली जाते. बरेच जण स्वतःहून येत नाहीत. न्यायालय, पोलीस किंवा कुटुंबीय यांच्याकडून ते पाठविले जातात. त्यामुळे माहिती दडविण्याकडे कल असतो आणि नोंदी, जबान्या व नातेवाईक यांच्याकडून मिळालेल्या माहितीशी कथनाचा ताळा घ्यावा लागतो. आकर्षण नाकारणाऱ्या परंतु वारंवार तेच कृत्य केल्याचा पुरावा असलेल्या व्यक्तीचेही निदान अमेरिकन पुस्तिकेनुसार करता येते.

वयाच्या अटी निदानात महत्त्वाच्या आहेत. चोरदर्शन विकृतीचे निदान अठरा वर्षांखालील व्यक्तीबाबत केले जात नाही, कारण पौगंडावस्थेतील कुतूहल आणि विकृती यांत गल्लत होण्याचा संभव असतो. बालकामुकता विकृतीच्या निदानासाठी व्यक्ती किमान सोळा वर्षांची आणि संबंधित बालकापेक्षा किमान पाच वर्षांनी मोठी असावी लागते. बालक सामान्यतः तेरा वर्षांचे वा त्याहून लहान मानले जाते. समवयस्क मुलांमधील लैंगिक खेळ वा संबंध यांना हे निदान लावता येत नाही.

भेददर्शी निदान हा या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक भाग होय. भावातिरेक, छिन्नमानस, बौद्धिक अक्षमता, मद्याचा अंमल, तसेच वार्धक्यातील स्मृतिभ्रंश यांमध्येही लैंगिक संयम सुटू शकतो; तेवढ्यावरून अपमार्गण सिद्ध होत नाही. कंपवातावरील डोपामीनवर्धक औषधांमुळे काही रुग्णांत नव्यानेच लैंगिक अतिरेक दिसून आल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतात, चाळिशीतील एका पुरुषात बालकामुक वर्तन प्रथमच उद्भवले. त्याच्या मेंदूच्या नेत्रकोटरालगतच्या ललाटखंडात अर्बुद आढळले. शस्त्रक्रियेनंतर ते वर्तन थांबले व अर्बुद पुन्हा वाढताच परतले. उतारवयात अचानक सुरू झालेल्या वर्तनात मेंदूची तपासणी का आवश्यक असते, ते यावरून कळते.

याउलट, भावातिरेकी-अनिवार्य विकृती असलेल्या रुग्णाला ‘आपल्या हातून मुलाला काही होईल काय’ असे विचार छळतात. हे विचार त्याला सुखद नव्हे, तर भयंकर वाटतात. त्यांमुळे उत्तेजना न येता धास्ती उत्पन्न होते आणि तो मुलांजवळ जाणेही टाळतो. अशा रुग्णाला बालकामुक ठरविणे ही घोर चूक होय. त्याला सर्वस्वी निराळे उपचार लागतात आणि चुकीच्या शिक्क्याने त्याचा आजार बळावतो.

शारीरिक मापनाच्या पद्धतींत शिश्नाच्या आकारमानातील बदल मोजणारी पद्धती कुर्ट फ्रॉइंड (१९१४–९६) याने १९५० नंतरच्या दशकात प्रागमध्ये विकसित केली. सक्तीच्या लष्करभरतीतून सुटण्यासाठी समलैंगिक असल्याची बतावणी करणारे कोण, हे शोधणे हा तिचा मूळ उपयोग होता. पुढे टोरांटोमध्ये तिचा उपयोग लैंगिक गुन्हेगारांच्या तपासणीसाठी होऊ लागला. ही चाचणी आकर्षणाचा कल दर्शविते, परंतु ती हेतुपुरस्सर दडपता येते आणि तिच्या प्रमाणीकरणात एकवाक्यता नाही. त्यामुळे एखादे कृत्य घडले की नाही, हे तिच्यावरून सिद्ध होऊ शकत नाही.

कारणमीमांसा : सर्वमान्य असा एकच सिद्धांत उपलब्ध नाही. वर्तनवाद्यांच्या मते लहानपणी वा पौगंडावस्थेत एखाद्या उद्दीपकाशी कामसुखाचा योगायोगाने संबंध जुळतो व पुनरावृत्तीने तो दृढ होतो. मनोविश्लेषणवादी त्याचा संबंध बाल्यातील संघर्षांशी जोडतात. मेंदूच्या जडणघडणीतील प्रसूतिपूर्व घटकांकडेही अलीकडील संशोधनाने लक्ष वेधले आहे. बालपणी सोसलेला लैंगिक अत्याचार हा काहींच्या बाबतीत संबद्ध घटक आढळतो. परंतु अत्याचार सोसलेल्या बहुसंख्य व्यक्ती पुढे अत्याचारी होत नाहीत, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

विकृती, गुन्हा व कायदा : बालकांवर लैंगिक अत्याचार करणारे सर्व जण बालकामुक नसतात. त्यांतील अनेकांचे मूळ आकर्षण प्रौढांविषयीच असते, आणि संधी, मद्य, सत्ता वा कौटुंबिक विघटन यांमुळे ते गुन्हा करतात. उलट, बालकांविषयी आकर्षण असूनही आयुष्यभर कोणतेही दुष्कृत्य न करणाऱ्या व्यक्ती असतात. म्हणून निदान आणि अपराध यांची क्षेत्रे एकमेकांस छेदतात, परंतु एकरूप होत नाहीत. कायद्यातील ‘बालक’ आणि वैद्यकातील ‘बालक’ हेही एक नव्हेत. भारतातील २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक होय, तर निदानात वयात न आलेले मूल अभिप्रेत असते. याच अधिनियमानुसार असा अपराध घडल्याचे ज्ञात असणाऱ्याने तो कळविणे बंधनकारक आहे आणि वैद्यकीय गोपनीयतेची सबब त्यास चालत नाही. चोरदर्शन हा २०१३ पासून भारतात स्वतंत्र अपराध असून १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७७ मध्ये त्याचा अंतर्भाव आहे. अशी विकृती असणे हा सामान्यतः आरोपीचा बचाव ठरत नाही, कारण तो आपल्या कृत्याचे स्वरूप जाणत असतो.

दुसऱ्या बाजूस, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानुसार मानसिक आजार हा राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसारच ठरविला गेला पाहिजे; समाजातील रूढ नैतिक, सामाजिक वा धार्मिक मूल्यांशी एखाद्याचे वर्तन जुळत नाही, एवढ्यावरून तो ठरविता येत नाही. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अपराधाच्या कक्षेतून वगळले. या दोन्ही गोष्टींमुळे, कुटुंबाच्या आग्रहावरून एखाद्या तरुणाला ‘विकृत’ ठरवून उपचारांस भाग पाडण्याच्या प्रथेला कायद्याचा आधार उरलेला नाही.

उपचार : पूर्वी विजेच्या सौम्य धक्क्यांसारख्या तिटकारा-उपचारांचा अवलंब होई. त्यांची परिणामकारकता संशयास्पद असून ते नीतिदृष्ट्या आक्षेपार्ह ठरले आहेत. आज बोधन-वर्तनोपचार, धोक्याचे प्रसंग ओळखून ते टाळण्याचे शिक्षण, सेरोटोनीनवर कार्य करणारी अवसादरोधी औषधे आणि गंभीर धोका असल्यास पुंस्प्रेरकविरोधी औषधे यांचा उपयोग केला जातो. शेवटच्या प्रकारातील औषधांचे अस्थिविरलतेसारखे दुष्परिणाम असल्याने संमती व वैद्यकीय देखरेख आवश्यक असते. आकर्षणाचा मूळ विषय बदलण्यापेक्षा वर्तनावर ताबा मिळविणे हेच उपचारांचे वास्तव उद्दिष्ट मानले जाते. बर्लिनमधील शारिटे रुग्णालयात २००५ मध्ये सुरू झालेल्या प्रतिबंधक उपक्रमात, बालकांविषयी आकर्षण असलेल्या परंतु त्यापासून दूर राहू इच्छिणाऱ्या व्यक्तींना गोपनीय स्वरूपात उपचार देण्यात येऊ लागले. शरमेने वा भीतीने गप्प राहणारी व्यक्ती चिकित्सकापर्यंत वेळीच पोहोचली, तर तिचा आणि संभाव्य बळींचा असा दोघांचाही बचाव होतो, हे या उपक्रमामागील सूत्र आहे.

मूल्यमापन : लैंगिक अपमार्गणाच्या वर्गीकरणाचा इतिहास हा बव्हंशी यादीतून नावे कमी होत जाण्याचा इतिहास आहे. जे वर्तन केवळ अपरिचित होते, ते क्रमाने बाहेर पडले. ज्यात संमती देऊ न शकणाऱ्या वा न देणाऱ्या व्यक्तीला इजा होते, ते कायम राहिले. निदान अतिव्यापक झाले, तर निरुपद्रवी माणसाला रोगी ठरविले जाते. ते अतिसंकुचित झाले, तर उपचारांची खरी गरज असलेली आणि इतरांना धोकादायक ठरू शकणारी व्यक्ती निसटते. या दोन्ही प्रमादांची किंमत प्रत्यक्ष माणसांना मोजावी लागते. म्हणूनच या क्षेत्रात निदानाचा शब्द लिहिण्यापूर्वी आकर्षण, कृती, क्लेश व इजा या चारही बाबी पृथकपणे तपासणे हे चिकित्सकाचे आद्य कर्तव्य ठरते.